दोन किल्ल्या, एक वास्तव्य

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद आणि बसवकल्याण या तालुक्यांत, तसेच कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात, पुष्कळ मराठी घरांच्या खुंटीवर आज किल्ल्यांचे दोन जुडगे दिसतात. एक जुडगा गावच्या घराचा. त्यात थोरल्या दाराची, कोठीची आणि देवघराशेजारच्या कपाटाची किल्ली. दुसरा जुडगा लहान; तो पुण्याच्या, सोलापूरच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या इमारतीतील दोन खोल्यांच्या सदनिकेचा. मुलगा शहरात नोकरीस लागला, आईच्या उपचारासाठी वरचेवर शहर गाठावे लागले, नातवंडांच्या पुढच्या शिक्षणाचा विचार सुरू झाला, की अशी सदनिका घेतली जाते. साठवणीतला पैसा, निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम आणि थोडे बँकेचे कर्ज, एवढ्यांवर तिचा व्यवहार होतो. वर्षातील तीन-चार महिने तेथे माणसांचा वावर असतो. एरवी तिला कुलूप असते.

या मुलखाला दोन ठिकाणी पाय ठेवून राहणे नवे नाही. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. कचेरी, न्यायालय आणि विद्यापीठ यांसाठी माणसे हैदराबादेस जात आणि ऐपत असलेली घराणी तेथे बिऱ्हाड ठेवीत. त्या काळीही ‘तुम्ही कोठले?’ हा प्रश्न महत्त्वाचा होता. निजामाच्या राज्यात सरकारी चाकरीसाठी माणूस ‘मुल्की’ असावा लागे, आणि बाहेरून आलेल्यास मुल्की ठरण्यासाठी पंधरा वर्षांचे सलग वास्तव्य दाखवावे लागे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद आणि हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात आले. सकाळी उदगीरच्या बाजारास जाऊन सायंकाळी परतणारा माणूस त्या दिवसापासून दोन राज्यांत वावरू लागला. सोयरीक एका राज्यात, शेत दुसऱ्या राज्यात, ही येथील नित्याची स्थिती झाली. शहरातील सदनिका ही त्याच स्थितीची आजची आवृत्ती होय.

उदाहरणादाखल भालकीचे एक निवृत्त गुरुजी डोळ्यांपुढे आणावेत. थोरला मुलगा पुण्यास नोकरीस आहे. धाकटा गावी शेती पाहतो. धाकट्याची मुलगी भालकीलाच नववीत शिकते आणि तिला डॉक्टर व्हावयाचे आहे. गुरुजींनी स्वतःच्या नावे पुण्यास सदनिका घेतली आहे. उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर मिळून ते चार महिने पुण्यास राहतात, उरलेले आठ महिने भालकीस. पुण्याच्या इमारतीतील एक हितचिंतक त्यांना एके दिवशी म्हणतात, “गुरुजी, आता सगळे कागद इकडेच करून टाका. मतदानाचे, आधारचे, गाडीचे. घर तुमचे आहे, मग अडचण कसली? नातीलाही महाराष्ट्राचा दाखला मिळून जाईल.” सल्ला आपुलकीचा असतो. परंतु तो पाळला तर काय घडेल, याचा विचार कागदागणिक करावयास हवा.

प्रथम मतदानाचा कागद. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार होण्यासाठी माणूस त्या मतदारसंघात ‘सामान्यतः राहणारा’ असावा, अशी अट आहे. याच कायद्याचे विसावे कलम सांगते की, एखाद्या मतदारसंघात माणसाच्या मालकीचे किंवा ताब्यातील राहते घर आहे, एवढ्याच कारणाने तो तेथील सामान्य रहिवासी मानला जाणार नाही. त्याच कलमात दुसरीही बाजू आहे. जो आपल्या नेहमीच्या गावातून काही काळापुरता दूर गेला, तो तेवढ्यामुळे तेथील रहिवासी असण्याचे थांबत नाही. म्हणजे गुरुजींचे पुण्यातील चार महिने त्यांचे भालकीचे मत हिरावून घेत नाहीत, आणि पुण्याचे खरेदीखत त्यांना पुण्याचे मत मिळवून देत नाही. दोन्हीकडे नाव ठेवणे तर सरळसरळ निषिद्ध आहे. एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत आणि तेही एकदाच असावे, असा नियम आहे. नाव नोंदविताना जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कित्येकांची नावे दोन ठिकाणी असतात ती लबाडीपेक्षा निष्काळजीपणाने. नवे नाव घातले जाते आणि जुने काढावयाचे राहून जाते. तथापि कागदावर दोहोंचा रंग सारखाच दिसतो.

दुसरा कागद आधारचा. त्यावर पुण्याचा पत्ता आला की माणूस पुण्याचा झाला, अशी समजूत सर्वत्र आढळते. २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमाने ती खोडून काढली आहे. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पत्र कोठे पोहोचते हे पत्ता सांगतो. माणूस कोठला, हे ठरविणे त्याचे काम नव्हे.

तिसरा प्रश्न आयकराचा, आणि गुरुजींना खरी धास्ती त्याचीच असते. त्यांचा एक भाचा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. त्याने दूरध्वनीवर सांगितलेले असते की, शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात घर घेतले तर दोन राज्यांचा आयकर मागे लागतो. भाचा सांगतो ते त्याच्या देशापुरते खोटे नाही. अमेरिकेत केंद्राखेरीज बहुतेक राज्येही आयकर घेतात. न्यूयॉर्क राज्याच्या नियमाप्रमाणे, ज्याचे मूळ घर अन्य राज्यात आहे, परंतु न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा बहुतेक काळ कायमचे बिऱ्हाड उपलब्ध आहे आणि जो वर्षातून १८४ दिवस किंवा अधिक तेथे असतो, त्याच्यावर रहिवाशाप्रमाणे कर बसतो. त्यासाठी तेथील माणसे आगगाडीची तिकिटे जपून ठेवतात आणि दिवसांचा हिशेब मांडतात.

भारतात हा हिशेब मांडावा लागत नाही. आपल्या राज्यघटनेने शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर केंद्राच्या सूचीत ठेवला आहे. म्हणून गुरुजी भालकीत राहिले काय किंवा पुण्यात राहिले काय, त्यांच्या निवृत्तिवेतनावरील आयकरात एका रुपयाचाही फरक पडत नाही. येथे निवासाचा प्रश्न निघतो तो देशापुरता. माणूस वर्षात १८२ दिवस भारतात होता काय, ही त्याची मुख्य कसोटी. तिला काही पोटनियम जोडलेले आहेत. आखाती देशांत काम करणाऱ्या गुलबर्ग्याच्या किंवा बीदरच्या तरुणाने पुण्यात सदनिका घेतली, तर ती या दिवसांच्या मोजणीत धरली जात नाही. मात्र दोन देश एकाच वेळी त्याला आपला रहिवासी म्हणू लागले, तर उभय देशांतील करारात ‘कायमचे घर कोठे उपलब्ध आहे’ हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. त्या वेळी कुलूपबंद सदनिकाही साक्षीस येते.

राज्य बदलल्याने कर बदलत नसला, तरी घरांची संख्या आयकरात मोजली जाते. पूर्वी मालकाच्या वापरातील एकच घर करमुक्त मानले जाई. दुसऱ्या घराला कुलूप असले, तरी त्याचे अनुमानित भाडे उत्पन्नात धरून त्यावर कर बसे. न मिळालेल्या भाड्यावर कर भरावा लागे, याचे अनेकांना नवल वाटे. २०१९ च्या वित्त कायद्याने ही सूट दोन घरांना दिली. २०२५ च्या वित्त कायद्याने ती आणखी सोपी केली. मालक स्वतः राहत असो, अथवा काही कारणाने राहू शकत नसो, त्याने निवडलेल्या दोन घरांचे वार्षिक मूल्य शून्य धरले जाते. १ एप्रिल २०२६ पासून अमलात येण्यासाठी केलेल्या नव्या आयकर कायद्यातही हीच व्यवस्था ठेवली आहे. म्हणजे भालकीचे घर आणि पुण्याची सदनिका या जोडीवर अनुमानित भाड्याचा बोजा नाही. तिसरे घर झाले की तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

कर्जाच्या व्याजाचे गणित निराळे आहे. जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्यास वापरातील दोन्ही घरे मिळून वर्षाला अधिकात अधिक २ लाख रुपयांच्या व्याजाची वजावट मिळते. नव्या करपद्धतीत वापरातील घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. सदनिका भाड्याने दिली, तर मिळालेले भाडे उत्पन्नात येते. त्यातून भरलेला नगरकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के भाग डागडुजी आदी खर्चासाठी म्हणून सोडला जातो. आणखी एक गोष्ट विकत घेताना कोणी सांगत नाही. जागेचा तुकडा किंवा समभाग विकून आलेल्या दीर्घकालीन नफ्यातून राहते घर घेतल्यास करात जी सूट मिळते, ती विक्रीच्या दिवशी एकाहून अधिक राहती घरे असणाऱ्यास मिळत नाही. गुरुजींची दोन घरे आहेत. उद्या त्यांनी बीदरजवळचा मोकळा भूखंड विकून धाकट्यासाठी घर घेण्याचे ठरविले, तर ही सूट त्यांच्या हातून आधीच निसटलेली असेल. दुसऱ्या घराची अशीही एक किंमत असते आणि ती खरेदीखतावर लिहिलेली नसते.

यानंतर घराच्या जागी भरावयाचे कर. घर जेथे उभे आहे तेथील नगरसंस्थेचा कर मालकाने भरलाच पाहिजे. मालक कोठे राहतो याची नगरसंस्थेला फारशी फिकीर नसते. तथापि घराचा वापर कसा होतो, याची असते. पुणे महानगरपालिकेत स्वतः राहणाऱ्या मालकास मिळकतकरात ४० टक्के सवलतीची जुनी प्रथा होती. मध्यंतरी ती काढून घेतली गेली आणि २०२३ साली पुनः देण्यात आली. स्वतःच्या वापराचा पुरावा दिल्यावर ती मिळते. सदनिका भाड्याने दिली की ती जाते. वर्षातून चार महिने राहणाऱ्याने म्हणूनच वापर दाखविणारे कागद नीट ठेवावेत, आणि भाडेकरू ठेवला असल्यास तो लपवू नये. गृहनिर्माण संस्थेचाही असाच एक नियम आहे. सदस्याने सदनिका दुसऱ्यास वापरावयास दिली, तर संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. परंतु महाराष्ट्र शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. गुरुजींच्या सदनिकेत त्यांचा मुलगा राहत असेल, तर तो कुटुंबातील असल्याने हे शुल्कही लागत नाही.

गाडीचा प्रश्न लहान, पण रस्त्यावर अडवून विचारला जाणारा. भालकीची गाडी ‘के ए ३९’ अशी पाटी मिरवते, बीदरची ‘के ए ३८’, कलबुर्गीची ‘के ए ३२’. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नवे नोंदणीचिन्ह घ्यावे लागते आणि त्या राज्याचा वाहनकर भरावा लागतो. गुरुजींची गाडी दर काही महिन्यांनी त्यांच्याबरोबर परत येते. तिला पाटी बदलण्याचे कारण नाही. तीच गाडी मुलाकडे पुण्यात कायमची राहिली, तर मात्र कारण आहे. येथेही कायदा सदनिकेकडे पाहत नाही. गाडी कोठे राहते, तेच पाहतो.

आता सर्वांत नाजूक कागद राहिला. तो गुरुजींचा नसून त्यांच्या नातीचा आहे.

कायद्याच्या शुद्ध भाषेत भारतीय माणसाचा अधिवास एकच, तो भारताचा. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. तरीही नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा वाटताना राज्ये वास्तव्य पाहतात. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी सामान्यतः पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जुन्या मुल्की नियमाचीही हीच पंधरा वर्षे होती, हा योगायोग या मुलखातील श्रोत्यांच्या ध्यानात येईल. सदनिकेच्या खरेदीने त्या पंधरांतील एक वर्षही कमी होत नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी तर महाराष्ट्राच्या कोट्यात दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही त्याच राज्यातून उत्तीर्ण असावी, असा सामान्य नियम आहे. गुरुजींच्या नातीने दहावी भालकीस केली आणि बारावीसाठी पुणे गाठले, तर या सामान्य नियमाने ती महाराष्ट्राच्या दाराबाहेर राहते.

दुसऱ्या बाजूस तिच्या पदरात काय आहे, ते पाहावे. घटनेच्या ९८ व्या दुरुस्तीने ३७१ जे हे कलम आले आणि त्यानुसार २०१३ साली हैदराबाद-कर्नाटक प्रदेशासाठी आदेश निघाले. या प्रदेशास २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणतात. बीदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे त्यात मोडतात. या प्रदेशातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के आणि राज्याच्या इतर भागांतील संस्थांत ८ टक्के जागा येथील स्थानिकांसाठी राखल्या आहेत. सरकारी नोकऱ्यांतही मोठा वाटा आहे. येथे जन्मलेल्या किंवा दीर्घकाळ राहिलेल्या माणसास त्यासाठी सहायक आयुक्तांचे प्रमाणपत्र मिळते. शिवाय कर्नाटकातील सरकारी जागांसाठी राज्यात किमान सात शैक्षणिक वर्षे शिकल्याची अट सामान्यतः असते. ती या मुलीने पूर्ण केली आहे. मागासलेल्या मुलखाला दीर्घ मागणीनंतर मिळालेला हा हक्क आहे. पुण्याच्या दाखल्याच्या आशेने तिचे सर्व कागद हलविले आणि पुढे कोणी ‘तू नेमकी कोठली?’ असे विचारले, तर तिच्या हाती दोन अर्धवट उत्तरे राहतील आणि पुरे एकही नसेल.

यात आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, त्यांत बीदर आणि भालकीचे नाव महाराष्ट्र विधिमंडळाच्या २७ डिसेंबर २०२२ च्या ठरावातही आले आहे. त्या प्रश्नाचा निकाल काय लागावयाचा तो न्यायालयात लागेल. परंतु महाराष्ट्राच्या अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवलेला आहे. म्हणजे या मुलीस महाराष्ट्राचे एखादे दार उघडावयाचे असेल, तर ते पुण्याच्या सदनिकेच्या किल्लीने उघडणार नाही. तिच्या गावाच्या नावाने आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेने उघडेल. जे लपवावे असे हितचिंतकास वाटत होते, तेच तिचे बळ आहे.

याचा अर्थ माणसाने जन्मभर एकाच गावाला खिळून राहावे असा नव्हे. संसार हलतो, माणसे हलतात. उद्या गुरुजी थकले आणि बारा महिने मुलाकडे राहू लागले, तर त्यांनी भालकीच्या यादीतून नाव काढून पुण्याच्या यादीत घालावे, आणि तेथील नगरसेवकास रस्त्याविषयी व पाण्याविषयी जाब विचारावा. जेथे रोज नळाला पाणी भरावयाचे, तेथेच मत द्यावे, हे कायद्याइतकेच सद्सद्विवेकासही पटणारे आहे. हरकत आहे ती कागदांनी पुढे धावण्यास. माणूस भालकीत आणि त्याचे कागद पुण्यात, अशी फारकत झाली की सवलत दिसते तेथे नाव आणि कर्तव्य दिसते तेथे अनुपस्थिती, अशी सवय जडते. मग गावची शाळा कोणी पाहावयाची आणि गावच्या ग्रामसभेत कोणी बसावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. सीमाभागात ही उणीव अधिक जाणवते, कारण येथील मराठी शाळेचा पट आणि येथील मराठी माणसाचे मत ही दोन्ही मोजली जातात.

म्हणून दुसरे घर घेणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. कोणत्या घरी आपण वर्षाचे किती दिवस खरोखर राहतो, हे प्रथम स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे. ज्या घरी अधिक राहतो, तेथे मत आणि मुलांचे दाखले एकत्र ठेवावेत. दुसऱ्या घराचा नगरकर, संस्थेचे शुल्क आणि भाडे असल्यास त्यावरील आयकर वेळच्या वेळी भरून त्याच्या पावत्या वेगळ्या जुळवून ठेवाव्यात. पुढे मोठा बदल करावयाचा झाल्यास जाणत्या कर-सल्लागारास आणि शाळेच्या मुख्याध्यापकांस अगोदर विचारावे. मागाहून विचारण्याने खर्च वाढतो.

उदाहरणातील गुरुजी पुण्याहून परततात आणि दोन्ही जुडगे पुन्हा खुंटीला लावतात. नात शाळेतून येते. तिला जन्मदाखल्याची प्रत हवी असते, कारण स्थानिकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावयाचा असतो. गुरुजी कपाट उघडतात. तो कागद गावच्या घराच्या कपाटात, नेहमीच्या जागी असतो.